वयाची नोंद

"द्वारकाबाई, कॅन्सरच्या प्रत्येक पेशंटची माहिती सरकारी नोंदवहीत जाते. तुमचीही जाईल. तसं तुम्हाला कळवायला हवं," सिस्टर म्हणाल्या.

"जाऊ दे की. पण वय पासष्ट घाल."

"आधारकार्डावर एकाहत्तर आहे."

द्वारकाबाईंनी दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर नवरा फाइल मांडीवर घेऊन बसला होता. "हळू बोल गं. ह्यांच्याहून मी दोन वर्षांनी मोठी. लग्न जमवताना मामांनी लपवलं, ते आजवर लपलंय."

"एकाहत्तरच लिहा, सिस्टर," बाहेरून आवाज आला. "मला साखरपुड्यातच कळलं होतं."

गाठीचा रिपोर्ट ऐकताना डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या द्वारकाबाई आता मात्र कडाडल्या, "पन्नास वर्षं माझी माहिती तुमच्यापाशी, आणि मला कळवायला काय झालं होतं?"