वळणापुढचं राहिलं

रोझोच्या धक्क्याला जहाज आज सकाळीच लागलं होतं. त्यातून उतरलेली एक म्हातारी बाई बाकी सगळ्या टॅक्सीवाल्यांना मागे टाकून थेट ऑल्विनच्या टॅक्सीपाशी आली. मागोमाग तिचा नवरा.

ऑल्विनने नेहमीचा बेत सांगायला घेतला. "किनाऱ्याकिनाऱ्याने स्कॉट्स हेडपर्यंत जाऊ. वाटेत गरम झऱ्यात पाय बुडवा, मग तळलेला मासा..."

"ते काल झालं की," बाई म्हणाली. "तुम्हीच तर नेलंत. त्या वळणापुढचं तेवढं राहिलंय."

"काय रे, गुपचूप फेऱ्या मारतोस होय?" शेजारच्या गाडीतून कॉल्बर्ट खिदळला.

ऑल्विन हसला नाही. काल धक्का रिकामा होता आणि तो दिवसभर घराचं छप्पर रंगवत होता. हा डाव कॉल्बर्टचाच, असं त्याच्या मनाने घेतलं. "बाई, दुसरा कोणी असेल. माझं नाव सांगून इथे गिऱ्हाइकं पळवतात."

"दुसरा कसा? कड्याच्या वळणावर चाक बघायला म्हणून उतरलात, ते परत आलाच नाहीत. किती हाका मारल्या! शेवटी यांनीच गाडी परत आणली." तिने पर्समधून किल्ली काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

किल्ली ओली होती. तिला निळ्या मण्यांची माळ होती. ती माळ त्याच्या लेकीने आज सकाळी, चहा पिता पिता, त्याच्यासमोर ओवली होती.

त्याने खिशात हात घातला. माळेसकट त्याची किल्ली तिथेच होती. कोरडी.

कॉल्बर्टचं हसणं एकदम थांबलं.

"चला," गाडीचं दार उघडत म्हातारा म्हणाला, "आज तरी तिथे उतरू नका."