निघाली आहे

उन्नतीने चर्चच्या फाटकाशी ब्रेक दाबला तेव्हा तिचा सख्खा भाऊ ॲल्रॉय ओट्यावर बसून पितळी मेणबत्तीदाण्या घासत होता.

केस पार पिकले होते त्याचे. बावीस वर्षांपूर्वी याच आळीतून ती रोवेना म्हणून निघून गेली होती, राजापूरच्या एका मुलाशी लग्न करायला. त्यानंतर घरून कधी फोन आला नाही आणि तिने केलेला कुणी उचलला नाही. सायकल ग्रुपमध्ये हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्नानंतर नाव बदललं होतं, आणि एव्हरशाईन सिटीत ती सगळ्यांची उन्नतीताई होती. ‘एका दिवसात बारा चर्च’ या फोटो चॅलेंजची यादी ग्रुपवर आली, त्यातलं सातवं नाव आपल्याच गावच्या चर्चचं आहे हे तिने वाचलं आणि आपल्या मुलाची सायकल मागून घेतली. सगळ्यांबरोबर गेलं तर निदान फाटकातून आत तरी जाता येईल, असं तिला वाटलं होतं.

ॲल्रॉयने मान वर केली. सहाजणांवरून फिरत त्याची नजर तिच्यावर आली. हातातलं फडकं थांबलं. मग तो पुन्हा घासायला लागला.

“काका, एक ग्रुप फोटो प्लीज,” पियुष म्हणाला. चॅलेंज त्यानेच काढलं होतं. “अख्खं चर्च आणि सगळ्या सायकली यायला पाहिजेत हां. नाहीतर काउंट होत नाही.”

“काढतो की.” ॲल्रॉय हात पुसत उठला. “कुठून आलात?”

“एव्हरशाईन. वसई ईस्ट.”

“आणि मॅडम, तुमचं गाव?” तो सरळ उन्नतीकडे बघत होता.

“तेच. एव्हरशाईन.”

“मूळ गाव विचारतोय.”

आता सगळेच तिच्याकडे बघायला लागले.

“राजापूर,” ती म्हणाली.

“लांब आहे,” ॲल्रॉय म्हणाला.

बाकीचे सायकली रांगेत लावत होते. ती त्याच्याजवळ सरकली आणि हळूच घरच्या बोलीत तिने विचारलं, आय कशी आहे. बावीस वर्षांत ही बोली ती कुणाशी बोलली नव्हती. एवढं विचारतानाही जीभ अडखळली.

“काय म्हणालात?” त्याने मोठ्याने विचारलं, अगदी शाळेच्या पुस्तकातल्यासारख्या मराठीत. “मला तुमची भाषा कळत नाही, मॅडम.”

भाविका ग्रुपमधली सगळ्यात लहान, कॉलेजातली. ती मागून आली. “काका, तुम्ही इथेच राहता? काय मस्त शांत आहे ना.”

“ते केळींमागचं घर. मी आणि माझी आई राहायचो. आई जूनमध्ये गेली.”

उन्नतीने सायकलची सीट घट्ट धरली.

“ओह. सॉरी काका.”

“सॉरी कशाला? वय झालं होतं. फक्त शेवटी तिने मुलीचा धोशा लावला. मी सांगायचो, निरोप धाडलाय, ती निघाली आहे. सकाळी विचारायची, तरी तेच. संध्याकाळी विचारायची, तरी तेच. निघाली आहे, येतेच आहे. त्या भरवशावर म्हातारीने तीन दिवस काढले. पाणीसुद्धा घेईना. म्हणायची, ती आली की घेते.”

“मग? आली नाही मुलगी?”

“तिला कळवलंच नव्हतं कुणी.” उत्तर भाविकाला होतं, पण तो तिच्याकडे बघत नव्हता. “नंबर होता माझ्याकडे. लावला नाही.”

भाविकाने पियुषकडे पाहिलं. पियुषने घड्याळाकडे पाहिलं.

“काका, काढताय ना? अजून पाच चर्च बाकी आहेत.”

सहाजण आपापल्या सायकली घेऊन उभे राहिले. ॲल्रॉय फोन धरून चार पावलं मागे गेला.

“त्या टोकाच्या मॅडम. हेल्मेट काढा. चेहरा दिसत नाही.”

तिने काढलं. तो बराच वेळ स्क्रीनमध्ये बघत राहिला.

“आता हसा,” तो म्हणाला.

सगळे हसले. तीही हसली. त्याने एकापाठोपाठ तीन फोटो काढले आणि फोन पियुषच्या हातात दिला.

माझी चेन उतरलीय, तुम्ही व्हा पुढे, असं तिने सांगितलं. आठव्या चर्चला भेटू, म्हणत ते गेले. वळणापलीकडून त्यांचं हसणं ऐकू आलं, मग तेही थांबलं. ती फाटकाबाहेर उभी होती, तेव्हा ॲल्रॉय फाटक लावायला आला. या वेळी ती त्याच्याच पुस्तकी मराठीत बोलली.

“मला दफनभूमी बघायची होती.”

“ती गावकऱ्यांसाठी आहे. बाहेरच्यांना बंद.”

“ॲल्रॉय.”

त्याने फाटक ओढलं. कडी दोनदा हुकली, तिसऱ्यांदा बसली. तो ओट्याकडे न जाता तसाच चर्चच्या आत गेला.

ती सायकल ढकलत कुंपणाला वळसा घालून मागच्या बाजूला गेली. भिंत उंच होती. तिने सायकल भिंतीला टेकवली, दांडीवर पाय दिला आणि वर चढली. हनुवटी कशीबशी भिंतीच्या वर आली. शेवटच्या रांगेत मातीचे तीन नवे उंचवटे होते. तिन्हींवर लाकडी क्रूस होते आणि तिन्हींची पाठ भिंतीकडे होती. नावं पलीकडच्या बाजूला होती.

“आय,” तिने पहिल्या क्रूसाकडे बघून हाक मारली. थोडी थांबली. मग दुसऱ्याकडे बघून मारली. मग तिसऱ्याकडे.