निराधार कोण?

माझा मुलगा वारला, तेव्हापासून सुनेनेच घर चालवलं. गेल्या महिन्यात हाटकेश भागातल्या कारखान्यातलं तिचं काम सुटलं, म्हणून सरकारी मदत मिळते का विचारायला तिला घेऊन कचेरीत गेले. टेबलामागच्या बाईंनी कागद चाळून विचारलं, "निराधार आहात ना?" सून मान हलवणार, तोच मी तिचं आधार कार्ड त्यांच्यापुढे आपटलं. "हा बघा आधार! आणि सासू जिवंत असताना ही निराधार कशी हो?" बाई हसल्या. "आजी, नवरा नाही, नोकरी नाही, म्हणजे सूनबाई पात्रच आहेत. पण हा शब्द लिहिल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही." "आई, तुम्हाला नको असेल तर परत जाऊ," सून हळूच म्हणाली. मी नाक मुरडलं. "परत कशाला? लिहा बाई. पण पेन्सिलीने. हिला दुसरं काम लागलं की खोडरबर घेऊन मीच येते."