पक्कं सिमेंट

क्षिप्राच्या दातांच्या तारेचं डावीकडचंच ब्रॅकेट पुन्हा निघालं होतं. डॉ. सुमेधाच्या उलव्यातल्या क्लिनिकमध्ये तिला तिचे पप्पाच घेऊन आले होते, नेहमीसारखे हसतमुख. "सांगून थकलो डॉक्टर, गुपचूप चिक्की खाते. आता असं बसवा, की निघायलाच नको."

सुमेधाला आपल्याच कामाची लाज वाटली. धातूच्या ब्रॅकेटमागे सिमेंट पक्कं करणारा लाइट नीट पोचत नाही, ते आतून कच्चं राहतं. म्हणून या खेपेला तिने निळा लाइट चारही बाजूंनी सावकाश धरला.

"आता काय वाट्टेल ते होऊ दे, निघणार नाही!"

पप्पा फोन घ्यायला बाहेर गेले, तशी क्षिप्राने सुमेधाची बाही घट्ट धरली.

"थोडं कच्चंच ठेवायचं ना, मॅडम. ते निघून पडलं, की मगच पप्पांचा हात थांबतो."