भोंगा गप्प झाला

भोंगा वाजायला लागला तशी सून लॅपटॉप सोडून उठली. खिडकीत ठेवलेल्या जुन्या मोबाइलवर तो आवाज तिनेच बसवला होता. मागच्या शेडमध्ये अंडी उबवायची पेटी होती. तिचा पारा साडेनव्व्याण्णवच्या वर गेला की मोबाइलने बोंब ठोकायची.

"रडलं का गं तुझं तान्हं?" गुडघे शेकत पलंगावर बसलेल्या सासूबाईंनी टोमणा मारला.

"बघते, आई. तुम्ही उठू नका."

इतकी वर्षं सासूबाईच पेटीजवळ स्टुलावर बसून राहायच्या. अंडं पापणीला लावून ऊब ओळखायच्या. या खेपेला सुनेने हट्टाने त्यांना घरात बसवलं होतं. त्यांनीही बजावलं होतं, "पिल्लं धड निघाली तर तुझा मोबाइल. नाहीतर माझं स्टूल, आणि तुझा तो कॉम्प्युटरचा क्लासही बंद." अंडी उद्या-परवा फुटायची होती.

सुनेने शेडमध्ये जाऊन पेटीचा झरोका उघडला. परत आली तरी भोंगा चालूच. तिचा जीव टांगणीला लागला. मग एकाएकी तो थांबला.

"हुश्श! उतरला एकदाचा पारा."

सासूबाईंनी शेकाची पिशवी बाजूला ठेवली.

सून आतल्या खोलीत गृहपाठाला बसली. वेबपानावर दोन चौकटी, प्रत्येकीत एक आकडा, त्यातला मोठा कोणता ते पानाने सांगायचं. तिने पाच आणि तीन घातले. पाच मोठा. आठ आणि दोन. आठ मोठा. नऊ आणि दहा.

नऊ मोठा.

तिला हसू आलं. तिने पुन्हा घातले. पुन्हा नऊच मोठा. मग क्लासमधलं बोलणं आठवलं. चौकटीत टाइप केलेला आकडा पानाला आकडा वाटतच नाही, अक्षरं वाटतात. ते आधी पहिलं अक्षर बघतं. नवापुढे एक लहान, संपलं. मागचं शून्य विचारतंय कोण! त्या अक्षरांचा आधी आकडा करून घ्यावा लागतो. तेवढंच तिच्याकडून राहिलं होतं.

तिचं हसू जागच्या जागी विरलं. मोबाइलवरचं भोंग्याचं पानही तिनेच बनवलं होतं आणि पेटीची मर्यादाही अशाच चौकटीत टाइप केली होती. पेटीकडून येणारा पाराही अक्षरांतच येत होता. नव्व्याण्णवच्या घरात मोबाइल बरोबर ओरडणार. शंभर झाले की सुरुवात एकाने. म्हणजे त्याच्या लेखी कमी.

ती खिडकीकडे धावली. मोबाइलवर १०१.३. आणि मोबाइल गप्प.

"आई! पारा उतरला नाही, चढलाय!"

पलंग रिकामा होता.

ती अनवाणीच शेडकडे पळाली. पेटीचं दार सताड उघडं होतं. आतला पंखा अडकून पडला होता. समोर सासूबाई स्टुलावर बसून पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. त्यांनी एक अंडं पापणीला लावलं, मग कानाशी धरलं.

"टकटक करतंय," त्या म्हणाल्या.

सुनेला रडूच फुटलं. "तुम्हाला कसं कळलं, आई? भोंगा तर बंद झाला होता."

"म्हणून तर उठले. तान्हं रडतंय तोवर काळजी नसते गं. एकदम गप्प झालं की धावायचं असतं."