तीनशे चारचं दार

“सुमेध केनी!” रामनाथनं मोकळ्या जागेकडे तोंड करून हाक मारली आणि कोणी बघत तर नाही ना, म्हणून मागे वळून पाहिलं. कचेरीच्या नोटिसा वाटायचा नियमच तसा होता. पत्त्यावर जायचं, नाव घेऊन तीनदा हाक मारायची, माणूस नसला तर नोटीस दाराला डकवायची. पण नालासोपाऱ्यातली ही सुखनिवास इमारत सव्वा वर्षापूर्वीच पाडलेली. दार कुठलं नि काय कुठलं! विटांचा चुरा, त्यावर उगवलेली एरंडाची झाडं, आणि रामनाथच्या पिशवीत बत्तीस लिफाफे.

खोट्या कागदांवर इमारत उभी करून फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरला शिक्षा झाली होती. त्याची मालमत्ता सरकारजमा झाली होती, आणि तिच्यातून फसलेल्या लोकांना वाटा मिळणार होता. मात्र त्यांनी साठ दिवसांत अर्ज करायला हवा. लिफाफा परत गेला की माणूस यादीतून बाहेर. आता ज्यांचं घरच पडलं त्यांना त्याच घराच्या पत्त्यावर कळवायचं, ही अक्कल कचेरीतल्या कुठल्या शहाण्याची, देव जाणे. रामनाथ हुकमाचा ताबेदार. सगळ्या लिफाफ्यांवर ‘पत्ता अस्तित्वात नाही’ असा शेरा मारून पाचच्या आत वसईला परतायचं, असं त्यानं येतानाच ठरवलं होतं.

“केनींना का हाका मारताय? ते बोळिंजला असतात.”

शेजारच्या सोसायटीच्या भिंतीच्या सावलीत एक बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. साठी उलटलेली, साडी चापूनचोपून नेसलेली, पायाशी डबा आणि पाण्याची बाटली. रामनाथ जवळ गेला तशी तिनं आधी आपलंच विचारलं. येताना वाटेत कोणी उंच म्हातारे गृहस्थ दिसले का? पांढरा शर्ट, हातात काळी छत्री? रामनाथ नाही म्हणाला. बरं, म्हणाली, आणि केनींचा पत्ता सांगायला लागली.

मग एकेक लिफाफा निघत गेला. बाईला सगळे तोंडपाठ. कोण गावी गेलं, कोण आगाशीला सासुरवाडीत राहतंय, कोणाच्या मुलानं विरारला खोली घेतली. आगाशीवाल्याला घरजावई म्हणून चिडवू नका हो, आधीच मेल्याहून मेल्यासारखा झालाय, असंही तिनं बजावलं. रामनाथ लिफाफ्यावर नवा पत्ता लिहीत गेला. पाच वाजून गेल्याचं त्याच्या ध्यानातही आलं नाही. एकतीस घरांचा वाटा बुडता बुडता वाचला होता, आणि त्याला कधी नव्हे ते आपल्या नोकरीचं बरं वाटत होतं.

शेवटचा लिफाफा तीनशे चारचा. “श्रीरंग तळवणेकर!” सवयीनं त्यानं हाकच मारली.

बाई ताडकन उभी राहिली. पदर सारखा केला आणि रस्त्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, आमचे हे. आणि ती खुर्ची सरकवून बाजूला झाली.

भिंतीला टेकून एक दार उभं होतं; इतका वेळ रामनाथला ते सोसायटीचंच वाटलं होतं. चौकटीसकट, नायलॉनच्या दोरीनं खिळ्यांना बांधलेलं. वर पितळी तीनशे चार, खाली तळवणेकरांची पाटी, आणि झेंडूचं ताजं तोरण. रामनाथला हायसं वाटलं. दिवसभरात एक तरी दार भेटलं. त्यानं पिशवीतून डिंकाची बाटली काढली, तशी बाई मध्ये आली.

“भाऊ, दाराला कागद लावू नका. कागद लावलेलं दार आपलं नाही, असं त्यांच्या डोक्यात बसलंय.”

तळवणेकरांनी पस्तीस वर्षं टपालात पत्त्यांप्रमाणे पत्रं लावली होती. म्हातारपणी सगळं विसरत गेले. पुढे पुढे बायकोचं नावही आठवेना, पण घरचा पत्ता कधी चुकला नाही. मग इमारत पाडायची नोटीस दारावर लागली. ते फिरून यायचे, कागद बघायचे, हे आपलं घर नव्हे म्हणायचे आणि जिना उतरून चालू लागायचे. दिवसातून तीनदा ती त्यांना खालून परत आणायची. बोळिंजच्या भाड्याच्या खोलीत गेल्यावर चौथ्या दिवशी, ती आंघोळीला गेली असताना, घरी जाऊन येतो असं बाहेरूनच सांगून ते निघाले. पोलिसात तक्रार झाली, फोटो लावून झाले. पाडापाडीच्या वेळी लोकांनी पंखे नेले, नळ नेले. हिनं दार उतरवून घेतलं होतं, आणि लोक हसले होते. ते गेल्यावर तिनं ते टेम्पोत घालून इथे आणून उभं केलं. यायचे तर इथेच येतील, ती म्हणाली, मग इथे काहीतरी नको का?

रामनाथनं बाटली पिशवीत टाकली आणि पत्नी म्हणून तिची सही घेतली. अर्जाला काय काय लागतं ते नीट समजावलं, आणि स्वतःचा नंबर लिहून दिला. ती हो हो म्हणत होती, पण लक्ष रस्त्याकडे होतं. तो निघाला तसं तिनं थांबवलं.

“तीन हाका मारायच्या असतात ना? दोन राहिल्यात. जरा मोठ्यानं मारा. माझा आवाज आता बसलाय.”

रामनाथनं पिशवी खाली ठेवली. रस्त्याकडे तोंड करून, घसा ताणून त्यानं दोनदा नाव घेतलं. समोरच्या गॅलऱ्यांत माणसं येऊन उभी राहिली. दोघं बराच वेळ तशीच थांबली. रिक्षा गेल्या, शाळेची बस गेली.

मग रामनाथनं तीनशे चारचा कागद गुडघ्यावर धरला आणि शेरा लिहिला: ‘पत्ता बरोबर आहे. इसम बाहेर गेले आहेत. पत्नी दारात आहे.’