कंबर तीस, दंड तेवढाच

"कंबर तीस," मास्तरीणबाई टेप सैल करत म्हणाल्या.

शिंपीमास्तरांनी आकडा लिहिला नाही. दुकानाची रीत ठरलेली होती: बायकोने मापं घ्यायची, आकडे मोठ्याने सांगायचे आणि मास्तरांनी मान वर न करता वहीत टिपायचे. बायकांच्या अंगाकडे बघायचं नाही, फक्त आकड्यांकडे बघायचं. पण हा आकडा काही त्यांच्या गळी उतरेना. त्यांनी जुनं पान काढलं.

"नीट बघ. मागच्या कोटाला छत्तीस होती."

"दोनदा बघितली. तीसच आहे."

हात पसरून उभ्या असलेल्या बाई गालातल्या गालात हसल्या. याच क्षणासाठी त्या आल्या होत्या. कोट हे निमित्त.

नकाशांच्या कचेरीत, तळघरात, जुने नकाशे सांभाळायचं त्यांचं काम. दिवसभर सोबतीला लोखंडी कपाटं. गेले चौदा महिने त्यांनी जिवाचा आटापिटा केला होता, आणि तोही नुसता पोटाला चिमटा काढून नव्हे. तसं कुणीही वाळतं. व्यायामशाळेतल्या शिकवणारीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "चरबी जाऊ दे, स्नायू राहू देत. नाहीतर बारीक व्हाल आणि डब्याचं झाकणसुद्धा उघडणार नाही." म्हणून मोजून अंडी, मोजून डाळ, वाटीभर दही आणि आठवड्यातून तीनदा वजनं उचलणं. तेरा किलो उतरले. पण लक्षात कुणाच्या आलं? वरच्या मजल्यावरचे साहेब फोनवरच बोलायचे. शेजारी येताजाता चपलांकडे बघायचे. भाऊ महिन्यातून एकदा फोन करायचा, आणि आवाज काही बारीक होत नाही. एकदा तर लिफ्टच्या आरशात बघून बाईंनी स्वतःलाच "अगं, किती छान दिसतेस!" म्हणून पाहिलं, आणि पुढे दोन दिवस त्या जिन्यानेच गेल्या. शेवटी ही वही आठवली. त्यांची जुनी कंबर लिहून ठेवलेली साऱ्या जगातली ही एकच जागा. माणसांना नाही तर नाही, वहीला तरी कळेल.

"दंड साडेबारा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मागेही साडेबाराच होता," मास्तर पुटपुटले.

बाईंनी दंड जरा आणखी ताठ केला.

आता मात्र मास्तरांनी रीत मोडली आणि मान वर केली. त्यांनी बाईंना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. दोघांची नजरानजर झाली. मास्तर उठले आणि स्वतः स्टूल पुढे घेऊन आले.

"बसा, ताई." त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "सगळं अंग उतरलं आणि दंड तेवढाच, म्हणजे ती सूज आहे. माझ्या बहिणीचं असंच झालं होतं. कुठे दाखवलंत?"

बाईंना हसूच फुटणार होतं. चौदा महिन्यांची कमाई, आणि हा भला माणूस तिला सूज म्हणतो! हातच्या कांकणाला आरसा कशाला, कोपऱ्यातला कापडाचा गठ्ठा तिथल्या तिथे उचलून दाखवता आला असता.

"अहो मास्तर, मला काही..."

"बोलू नका, थकवा येईल," म्हणत मास्तरीणबाईंनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

सुईने खरखरीत झालेले ते हात चांगले ऊबदार होते. याआधी आपला हात कुणी कधी धरला होता, ते बाईंनी आठवून पाहिलं. व्यायामशाळेतली शिकवणारी धरायची, पण ते मनगट सरळ करायला. बाईंनी हात तसाच राहू दिला.

"घरी कोण असतं?"

"कोणी नाही." हे तर खरंच होतं.

"ऐका!" मास्तरीणबाई नवऱ्यावर खेकसल्या, जणू त्याचाच दोष. "एकटीने काढतेय बिचारी. ते काही नाही, बरं वाटेपर्यंत दर रविवारी आमच्याकडे जेवायचं. पथ्य सांगा, तसं करीन."

"आणि कोटात दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच कापड आत सोडतो," मास्तर म्हणाले. "अंग परत भरलं की उसवून मोठा करू. भरेल, ताई. धीर सोडायचा नाही."

सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तिघंही पोट धरून हसले असते. मास्तर "वा!" म्हणाले असते. ज्या कौतुकासाठी बाई आल्या होत्या ते पदरात पडलं असतं, आणि त्या ते घेऊन आपल्या खोलीवर गेल्या असत्या. रविवार मात्र मिळाला नसता. त्यांना स्वतःची लाज वाटली. तरी हात सोडवून घ्यावासा वाटेना.

"अंडी चालतात," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "डाळही चालते. तेल तेवढं कमी."

"लिहून घ्या हो," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि मास्तरांनी मापांच्या खाली पथ्य लिहून घेतलं.

दुकानातून रस्त्यावर उतरायला तीन पायऱ्या होत्या. मास्तरीणबाईंनी एका हातात बाईंची पिशवी घेतली आणि दुसऱ्या हाताने त्यांना दंडाला धरलं. त्याच दिवशी सकाळी बाईंनी साठ किलोची वजनं लावलेली सळई जमिनीवरून पाच वेळा उचलली होती.

"सावकाश हं. मी आहे."

बाई पहिली पायरी उतरल्या, दोन्ही पाय जुळवून थांबल्या, दम लागलेला नसताना दम खाल्ला, आणि आपला भार मास्तरीणबाईंच्या खांद्यावर टाकला.